फटी बुजवण्याचा जमाखर्च

अमेरिकेत गोरगरिबांची घरे सरकारी खर्चाने थंडीवाऱ्यापासून सुरक्षित करून देण्याची जी योजना 1976 च्या कायद्याने अस्तित्वात आली, तिच्यावरील सर्वांत भेदक आक्षेप अर्थशास्त्रज्ञांनी घेतला आहे. मिशिगन राज्यातील 30,000 हून अधिक कुटुंबांवर प्रयोग करून फाउली, ग्रीनस्टोन व वोल्फ्राम यांनी 2018 मध्ये असे दाखवून दिले की, घरटी सुमारे 5,000 डॉलर खर्चूनही वाचलेल्या इंधनाचे मोल त्या खर्चाच्या निम्म्याच्या आसपासच भरते, आणि कागदावर वर्तविलेली बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक असते.

यावर योजनेचे कैवारी म्हणतात की, गरिबांनी घरे अधिक ऊबदार ठेवली, म्हणून बचत घटली. हा युक्तिवाद लंगडा आहे. त्याच संशोधकांनी घरांतील तापमानही तपासले होते आणि त्यात लक्षणीय वाढ आढळली नव्हती. अंदाज फुगवलेले होते, हे निमूटपणे मान्य करावे.

परंतु ज्या हिशेबात खर्चाच्या बाजूस माळ्यावरचे व भिंतींतले उष्णतारोधक भरण, दारेखिडक्यांच्या बुजवलेल्या फटी आणि घर तापवणारी नवी भट्टी हे सारे मांडले जाते, आणि जमेच्या बाजूस केवळ वाचलेले इंधन व फार तर टळलेले प्रदूषण, त्या हिशेबाला पूर्ण म्हणता येत नाही. कारण नादुरुस्त भट्टीतून घरात पसरणारा कार्बन मोनॉक्साइड थांबला, तर त्याची नोंद गॅसच्या बिलात कोठेच उमटत नाही. शिवाय 1981 पासून चालू असलेल्या दुसऱ्या योजनेतून गरिबांच्या हिवाळी बिलांना सरकार दरसाल हातभार लावते, आणि ती रक्कम वसूल होते काय, असे तिला कोणी विचारीत नाही. गळक्या रांजणात पाणी ओतणाऱ्याला सूट आणि रांजण सांधणाऱ्याची मात्र झडती, असा हा न्याय आहे!

खरे वैगुण्य अन्यत्र आहे. छप्पर गळते, भिंतींना बुरशी आली आहे, तारांची जोडणी धोकादायक आहे, असे आढळले की तपासनीस काम तहकूब करतो. ओल्या माळ्यावर भरण घालणे व्यर्थ, हे त्याचे म्हणणे शास्त्रोक्तच. पण नवे छप्पर घालण्याची तरतूद या योजनेच्या नेहमीच्या निधीत नसल्याने ज्याचे घर सर्वाधिक मोडकळीस आले, तोच दाराबाहेर राहतो. त्यात दरखास्तीचे जंजाळ असे की, मिशिगनमध्ये दारोदार फिरून, अर्ज भरण्यास साह्य करूनही हे फुकटचे काम शंभरांतल्या जेमतेम सहा कुटुंबांनी पदरात पाडून घेतले.

पेन्सिल्व्हेनियाने 2022 मध्ये घरदुरुस्तीसाठी साडेबारा कोटी डॉलर मंजूर केले आणि पात्र घरमालकास 50,000 डॉलरपर्यंत अनुदान देऊ केले, ते याच व्यंगावर बोट ठेवून. संघसरकारच्या योजनेनेही छप्पर आणि तारा आपल्या नेहमीच्या खर्चाच्या बाबींत घ्याव्यात, उत्पन्नाचा एकदा दिलेला दाखला फटी बुजवण्याच्या व बिलांच्या अशा दोन्ही योजनांस ग्राह्य धरावा, आणि पुढचा जमाखर्च मांडताना तहकूब ठेवलेल्या घरांचीही गणती करावी.