छंदाला धावपट्टी हवी

रेडिओ-नियंत्रित विमानांची शर्यत म्हणजे पोरांचा खेळ, असे ज्यांना वाटते त्यांनी तिचे गणित एकदा मांडून पाहावे. ‘एफ३डी’ या आंतरराष्ट्रीय प्रकारात मैदानावर त्रिकोणात तीन खांब रोवलेले असतात. त्यांना दहा फेऱ्या, एकूण अंतर चार किलोमीटर. मुरलेले स्पर्धक ते मिनिटभराच्या आसपास पार करतात. सरळ रेषेत वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो, म्हणजे सेकंदाला ८० मीटरांहून अधिक. वळायला अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला, तर विमान ४० मीटर भरकटते. चालक जमिनीवर उभा. वाऱ्याचा हिसका त्याच्या अंगाला कळत नाही. सारी भिस्त नजरेवर आणि बोटांवर.

अशी बोटे उन्हाळी शिबिरात घडत नाहीत. बाल्साचे हलके लाकूड तासणे, पंखांचा तोल ग्रॅमाग्रॅमने साधणे, आपटलेल्या विमानाचे तुकडे वेचून ते पुन्हा उभे करणे, यात उमर जाते. अमेरिकेच्या मेनार्ड हिल यांची गेलीच. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांचे पाच किलोंहून कमी वजनाचे मॉडेल न्यूफाउंडलंडहून निघाले आणि ३८ तास ५२ मिनिटांनी, अटलांटिक ओलांडून, आयर्लंडच्या किनाऱ्यावर उतरले. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. आपल्याकडे पुण्याचे सदानंद काळे गावोगावच्या शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर मॉडेल विमाने उडवून दाखवत आले आहेत. अथर्व काळेही त्यांच्यासोबत हे काम करतात. छंद एका पिढीतून दुसरीत उतरतो तो असा, डोळ्यांदेखत.

हे गोंदियाच्या संदर्भात मांडायला कारण आहे. ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी बांधली. आज तिथे विमानतळ आहे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण व कॅनडाची ‘सीएई’ यांच्या भागीदारीतली राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्थाही. देशभरातली मुले इथे वैमानिक व्हायला येतात. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते आणि त्याचा खर्च लाखांत जातो. कामठ्याच्या, आमगावच्या धान उत्पादकाच्या घरातल्या मुलीने रोज डोक्यावरून जाणारी विमाने नुसती बघायची का? तिच्या ऐपतीतली पहिली पायरी मॉडेल विमानाचीच आहे. पंख हवेत का उचलला जातो, शेपूट कशासाठी असते, वेग घटला की विमान का कोसळते, हे ती स्वतःच्या हाताने शिकेल.

कायदा आड येत नाही. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन वा छंदासाठी नजरेच्या टप्प्यात उडणाऱ्या, २५ किलोंपर्यंतच्या मॉडेलांना स्वतंत्र स्थान दिले आणि प्रकार-प्रमाणपत्राची अटही ठेवली नाही. अडचण जागेची आहे. विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीविना उडवता येत नाही. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची आणि त्यापलीकडे, हिरव्या क्षेत्रात, ४०० फुटांची मर्यादा आहे. हे बंधन रास्तच आहे. एकट्यादुकट्या शौकिनाने नकाशा घेऊन रान धुंडाळावे आणि चुकून नियम मोडावा, त्यापेक्षा जिल्हा प्रशासनाने विमानतळाशी बोलून बारा किलोमीटरच्या बाहेर एक मैदान कायमचे आखून द्यावे. ते वस्ती आणि वीजवाहिन्यांपासून दूर हवे. सारस जिथे घरटी करतो त्या तलावांपासून आणि धानाच्या बांध्यांपासूनही दूर हवे. महाराष्ट्रातल्या सारसांचा मुख्य आसरा हाच जिल्हा आहे.

खर्च फार नाही: सपाट केलेली पट्टी, कुंपण, वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी आणि प्रथमोपचाराची पेटी. राष्ट्रीय छात्र सेनेच्या हवाई शाखेत एरोमॉडेलिंग शिकवलेच जाते; तिचे प्रशिक्षक आणि बिरसीचे उड्डाण-शिक्षक महिन्यातून एक रविवार देऊ शकतात. मात्र मैदानाची किल्ली जुन्या छंदिष्टांच्या हाती द्यावी. पडलेले विमान पुन्हा कसे उडवायचे, हे मुलांना त्यांच्याइतके चांगले कोणी शिकवणार नाही. जिल्हा नियोजन समितीने पुढच्या आराखड्यात या मैदानासाठी तरतूद करावी.