टिप वेगळी, मजुरी वेगळी

खामगाव, मलकापूर, चिखलीकडची पोरं पुण्यात पाठीवर जेवणाची बॅग घेऊन फिरतात. त्यांच्या कमाईवरचा हा अंक आम्ही टिपपासून सुरू करतो आहोत. टिप जरूर द्यावी. पण तिनं मजुरीची जागा घेतली की घात होतो. अमेरिकेत घरपोच जेवण पोचवणारी डोअरडॅश कंपनी कामगारांना कबूल केलेल्या मोबदल्याचा काही भाग ग्राहकाच्या टिपमधूनच भागवत होती. ओरड झाल्यावर २०१९ मध्ये तिला ही पद्धत बदलावी लागली. आपल्याकडे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनं अशा ॲपवरच्या कामगारांची दखल घेतली, किमान मजुरीची हमी मात्र त्यात नाही. म्हणून पेट्रोल, गाडीची झीज आणि हॉटेलबाहेर ताटकळण्यातला बिनमोबदल्याचा वेळ, हा हिशेब आम्हाला महत्त्वाचा वाटतो. तुमच्या घरातलं कुणी हे काम करत असेल, तर त्यांचा अनुभव आम्हाला नक्की लिहून पाठवा.