चकाकणारी लादी भिंतीला लावा, पायाखाली नको



मागच्या व्हिडिओत आपण छोट्या होमस्टेचं बजेट मांडलं. त्यात 'बाथरूमची फरशी' अशी एक ओळ होती आणि त्यावर मी जेमतेम अर्धा मिनिट बोललो. आज त्या एका ओळीवरच लिहितोय. कारण त्या ओळीत मी स्वतः एकदा चूक केली आहे, तीही गिऱ्हाईक म्हणून नाही, दुकानदार म्हणून.

दुकान सुरू करून दुसरं वर्ष होतं. तारकर्लीच्या बाजूच्या एक काकी आल्या. घरामागे तीन खोल्या काढल्या होत्या, तीन बाथरूमची लादी हवी होती. माझ्या गोडाऊनमध्ये दोन बाय दोनच्या ग्लॉसी टाइलचे आठ-नऊ बॉक्स कित्येक महिने पडून होते. बीबीएला शिकलो होतो की अडकलेला माल म्हणजे अडकलेला पैसा. मी टाइल काचेसारखी पुसून उन्हात धरली, 'काकी, हॉटेलसारखी दिसेल' म्हटलं, थोडा भाव सोडला आणि माल काढला. त्या रात्री मला वाटलं, आपल्याला धंदा जमायला लागला.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे उतरलेल्या एका कुटुंबातल्या आजी बाथरूममध्ये घसरल्या. मनगट मोडलं. ती मंडळी त्याच दिवशी परत गेली, काकींनी सगळे पैसे परत केले. दोन दिवसांनी काकी दुकानात आल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "झिला, लादी चकाकता खरी, पण पाय घसारता. तुका म्हायत होता मा?"

माहीत होतं. म्हणूनच उत्तर देता आलं नाही.

तीनही बाथरूमची नवी लादी मी माझ्या खर्चाने दिली, मजुरी दोघांनी निम्मी-निम्मी केली. त्या ऑर्डरमध्ये जेवढं कमावलं होतं त्याच्या कितीतरी पट गेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: बाथरूमच्या फरशीची निवड हा सजावटीचा विषय नाही, सुरक्षिततेचा आहे. तुम्ही होमस्टे काढणार असा की टाइल्सचं दुकान, ही गोष्ट पहिल्या दिवशी समजून घ्या.

आपलं बाथरूम वेगळं का?

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. आता चिपीचा विमानतळ आहे, कुडाळ-कणकवलीला रेल्वे थांबते आणि किनाऱ्यावर घराघरात खोल्या निघाल्यात. पण टाइल्सचा कॅटलॉग बघताना आपण विसरतो की तो आपल्या किनाऱ्यासाठी छापलेला नाही.

आपला पाहुणा समुद्रावरून येतो. पायाला वाळू, अंगाला खारं पाणी, आणि तो थेट बाथरूममध्ये शिरतो. वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण असते, ती पायाखाली रगडली की चकाकी जाते आणि ओरखडे उरतात. पाऊस सुरू झाला की चार महिने फरशी धड वाळत नाही. किनाऱ्याला बऱ्याच विहिरींचं, बोअरचं पाणी क्षाराचं, त्याचे पांढरे डाग बसतात. मग ते डाग काढायला आपण काय आणतो? अ‍ॅसिडची बाटली.

म्हणजे आपल्या फरशीला पाणी, वाळू, क्षार आणि अ‍ॅसिड अशी चार संकटं आहेत, आणि वर साबणाच्या पाण्यात उभा अनवाणी पाय. प्रत्येक मटेरियल याच कसोटीवर बघा.

एकेक मटेरियल

*मार्बल, कोटा, कडप्पा.* राजस्थानचा कोटा आणि आंध्रचा कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत, आणि मार्बलही त्याच कुळातला. अ‍ॅसिड पडलं की फेस येतो, पृष्ठभाग खातो, डाग कायमचा राहतो. पॉलिश केलेला असेल तर ओला झाल्यावर घसरतो. रफ कोटा पायाला चांगला, जुन्या न्हाणीघरात खरबरीत दगड असायचा तो उगाच नाही. पण रोज कुणीतरी घासणारं हवं, नाहीतर पावसाळ्यात शेवाळ धरतं. स्वतःच्या घरी चालेल. पाहुण्यांच्या खोलीत मी सुचवत नाही.

*ग्रॅनाइट.* अ‍ॅसिडला चांगला टिकतो, पाणी कमी पितो. पण पॉलिश ग्रॅनाइट ओला म्हणजे बर्फ. घ्यायचाच तर फ्लेम फिनिश, म्हणजे ज्योतीने भाजून खरबरीत केलेला घ्या.

*साधी सिरॅमिक वॉल टाइल.* सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, कधी मुद्दाम, कधी अज्ञानाने. भिंतीची टाइल हलकी आणि स्वस्त असते, वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी शोषू शकते. भिंतीवर ती उत्तम. जमिनीवर बादली पडली की टवका उडतो, आतला कच्चा भाग दिसतो आणि पाणी तिथूनच मुरतं. 'उरलेल्या वॉल टाइल्स खाली टाकूया' असं गवंडी म्हणाला तर हात जोडून नाही म्हणा.

*सिरॅमिक फ्लोअर टाइल, मॅट.* हिचा थर जाड, ताकद जास्त, पाणी शोषण वॉल टाइलपेक्षा बरंच कमी. कमी बजेटमध्ये एक बाय एकची मॅट फ्लोअर टाइल हा प्रामाणिक पर्याय आहे. यात लाजण्यासारखं काही नाही.

*विट्रिफाइड.* खूप जास्त तापमानात भाजलेली, पाणी शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत. मोरबीहून येणाऱ्या मालात हिचेच असंख्य प्रकार दिसतात. मटेरियल म्हणून बाथरूमला सर्वांत योग्य, पण फिनिश बघून. हॉलसाठी बनवलेली पॉलिश विट्रिफाइड बाथरूममध्ये टाकू नका, माझी चूक नेमकी हीच होती. मॅट फिनिशची घ्या. फुल बॉडी मिळाली तर उत्तम, कारण वरचा आणि आतला रंग एकच, टवका उडाला तरी डोळ्यात येत नाही.

'अँटी-स्किड' शब्दावर विश्वास ठेवू नका

बॉक्सवर 'अँटी-स्किड' छापलेलं असतं. त्याचा आकडा विचारा. 'आर ९' ते 'आर १३' असं रेटिंग असतं, आकडा वाढला की पकड वाढते. पण इथे एक गंमत आहे. ही जर्मन चाचणी उतरत्या फळीवर तेल टाकून, पायात बूट घालून घेतात. आपला पाहुणा बूट घालून आंघोळ करत नाही! अनवाणी ओल्या पायासाठी वेगळी चाचणी आहे, तिचे वर्ग 'ए', 'बी', 'सी'. शॉवरच्या जागेला किमान 'बी' हवा. कंपनीच्या तांत्रिक पत्रकात हे मिळू शकतं. दुकानदाराला सांगता आलं नाही तर त्याला कंपनीला विचारायला लावा.

आणि कागदावर भागत नसेल तर माझी देशी चाचणी करा. टाइल दुकानाबाहेर जमिनीवर ठेवा, पाणी ओता, त्यात साबण फेसा, चप्पल काढून एक पाय ठेवा, आणि दुसऱ्या हाताने काहीतरी घट्ट धरा. पाय काय ते लगेच सांगतो. मग टाइल उलटी करून मागे पाण्याचा थेंब टाका. झटकन आत शिरला तर ती जास्त पाणी पिणारी टाइल आहे.

उलट टोकालाही जाऊ नका. फार खडबडीत टाइलमध्ये मळ अडकतो, तो निघेना की साफ करणारी ताई अ‍ॅसिड ओतते. हाताला बारीक रवा लागल्यासारखी वाटेल, पण फडक्याने पुसता येईल, अशी टाइल निवडा.

निम्मं काम टाइलच्या खाली असतं

चांगली टाइल चुकीची बसवली तर पैसे पाण्यात. वॉटरप्रूफिंग झाल्यावर फरशी बसवण्याआधी बाथरूममध्ये किमान २४ तास पाणी भरून ठेवा आणि खालचा स्लॅब बघा. पाच फुटाला साधारण एक इंच उतार जाळीकडे हवा. लहान बाथरूममध्ये एक बाय एकची टाइल हा उतार सहज घेते, दोन बाय चारची टाइल कापत बसावं लागतं. शिवाय लहान टाइलला सांधे जास्त, त्यामुळे पकडही वाढते.

विट्रिफाइड पाणी पीत नाही, म्हणून नुसत्या सिमेंटला नीट चिकटत नाही. तिला टाइल अ‍ॅडेसिव्ह लागतं. दोन-तीन मिलिमीटरचा सांधा सोडा आणि बाथरूमपुरता तरी इपॉक्सी ग्राउट भरा. महाग आहे, पण सिमेंटचा ग्राउट अ‍ॅसिडने हळूहळू खाल्ला जातो आणि काळा पडतो. 'खोलीला वास येतो' या तक्रारीचं मूळ कित्येकदा या सांध्यातच सापडतं.

आता हिशोब

धरा, तुमची चार बाथरूम आहेत, प्रत्येकी ३५ चौरस फूट. एकूण १४०, कटिंगचे १० टक्के धरून १५४ चौरस फूट. स्वस्त टाइल ४० रुपये फूट, योग्य टाइल ६५ रुपये. फरक २५ रुपये, म्हणजे ३,८५० रुपये. खोलीचं भाडं रात्रीला २,००० धरलं तर एका खोलीच्या दोन रात्रीसुद्धा नाहीत!

आता तीच फरशी सीझनमध्ये फोडायची वेळ आली तर? एक खोली सहा दिवस बंद, नुसतं भाडंच १२,००० गेलं. तोडफोड, मजुरी, नवा माल वेगळा. आणि पाहुण्याचं हाड मोडलं तर त्याला कुठला दर लावणार?

'पण गिऱ्हाइकाला चमकच हवी असते!'

टाइल्सचं दुकान काढू इच्छिणारे हे हमखास म्हणतात. 'मी नाही दिली तर तो कोल्हापूरला जाऊन घेईल.' खरं आहे, काही जण जातात. माझेही गेले.

पण नाही म्हणण्याचीही पद्धत असते. मी आता गिऱ्हाइकाला सांगतो, "दादा, चमक भिंतीला देऊया, पायाखाली मॅट घेऊया." तीच ग्लॉसी टाइल मी आजही विकतो, हॉलला आणि भिंतीला. माल पडून राहत नाही आणि रात्री झोप लागते. लहान गावात आपली जाहिरात गिऱ्हाईकच करतं. मालवणच्या बाजारात सकाळी झालेली गोष्ट दुपारपर्यंत देवबागला पोचते, चांगली असो की वाईट. त्या काकींनी नंतर त्यांच्या वाडीतली दोन घरं माझ्याकडे पाठवली. मी खर्च भरून दिला म्हणून नाही. त्यांनी त्या लोकांना सांगितलं होतं, "तो आता खरा सांगता."

'आता' या शब्दाची मला अजून लाज वाटते.

आजचा गृहपाठ

होमस्टेवाल्यांनी आज आपल्या बाथरूममध्ये साबणाचं पाणी टाकून, दाराची चौकट धरून, अनवाणी उभं राहून बघा. घसरत असेल तर फरशी बदलेपर्यंत रबरी मॅट टाका आणि भिंतीला धरायला दांडी बसवा. नवी लादी घेताना बॉक्सवरचा शेड आणि बॅच नंबर लिहून ठेवा, एक बॉक्स जास्तीचा ठेवा, तीच छटा पुन्हा मिळेलच असं नाही.

दुकान काढणाऱ्यांनी एक वही करा. गिऱ्हाईक आलं की भाव सांगण्याआधी तीन प्रश्न विचारा: कुठे लावणार, कोण वापरणार, कशाने धुणार? उत्तरं लिहा आणि मगच टाइल दाखवा.

मी हे तीन प्रश्न त्या काकींना विचारले असते, तर आठ-नऊ बॉक्स आणखी काही महिने गोडाऊनमध्ये पडून राहिले असते. राहू दे की!