केळीच्या पेटीपाशी

"शेतकरी कधी एक व्हायचा नाही, एकमेकांचे पाय ओढणे हा त्याचा स्वभावच," हे वाक्य आम्ही कचेरीपासून चावडीपर्यंत ऐकत आलो. वाईट याचे वाटते, की आता आपलीच माणसे ते बोलू लागली आहेत. आमचे म्हणणे असे, की ज्याला स्वभाव म्हणतात ते पोट कसे भरते यावरून ठरते.

सुरुवात माणसाच्या रानातल्या भाऊबंदांपासून करू. १९६० साली जेन गुडॉल आफ्रिकेत टांगानिका सरोवराकाठच्या गोंबेच्या जंगलात चिंपांझींचा अभ्यास करायला गेल्या. रानातली फळे विखुरलेली. त्यामुळे चिंपांझी लहान टोळक्यांनी हिंडत, पिकलेले झाड सापडले की जमत, पुन्हा पांगत. त्यांना जवळून पाहता यावे म्हणून पुढे छावणीवर केळी देणे सुरू झाले. रानभर पांगणारे चिंपांझी मग केळीच्या पेट्यांपाशी ताटकळू लागले, मारामाऱ्या वाढल्या. गुडॉल यांनीच हे नोंदवले आणि केळी कमी केली. प्राणी तेच, रान तेच. बदलले एवढेच, की अन्न एका जागी, दुसऱ्याच्या हातून मिळू लागले.

माणसाचेही तसेच. कलहारीच्या वाळवंटातील कुंग लोक शिकारीवर आणि कंदमुळांवर जगत. मोठी शिकार झाली की मांस साऱ्या वस्तीत वाटले जाई. ते काही साधुसंत नव्हते. मांस साठवून ठेवता येत नाही, आणि आज ज्याला शिकार मिळाली तो उद्या रिकाम्या हाताने परतायचा. शेजाऱ्याला दिलेला घास हीच त्यांची साठवण.

लांब कशाला, धुळे जिल्ह्यातील पांझरेवरचे फड पाहा. बंधारा सर्वांचा, पाणी मोजके. म्हणून कोणत्या फडात कोणते पीक ते सर्वांनी ठरवायचे, पाटकऱ्याने पाळीने पाणी द्यायचे, टंचाईची झळ सर्वांनी सोसायची. तेही आपल्यासारखेच बांधावरून भांडणारे शेतकरी. पण पिढ्यान् पिढ्या पाणी वाटून घेत आले. पुढे ज्याची त्याची विहीर झाली, तसे बरेच फड मोडले.

मग आज गावे का फुटतात? २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कांदा मातीमोल गेला. सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केले. लगेच प्रश्न सुरू झाले : सातबाऱ्यावर कांद्याची नोंद कोणाची, यादीत नाव कोणाचे? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निर्यातबंदी घालून भाव पुन्हा पाडले. एका हाताने पोते काढून घ्यायचे, दुसऱ्या हाताने मूठभर टाकायचे आणि त्या मुठीवर आपण भांडलो की म्हणायचे, पाहा यांचा स्वभाव! ही आपली केळीची पेटी.

आम्ही अडलेल्याची मदत नाकारा म्हणत नाही. पण चिंपांझीला पेटी कोणी ठेवली ते कळत नव्हते, आपल्याला कळते. तेव्हा जिल्हा बैठकीला येताना कोणाला किती अनुदान मिळाले याची यादी आणू नका. आपला माल कोणत्या बंदीने, किती भावाने मारला गेला, याचा हिशेब आणा. त्या हिशेबात साऱ्या गावाचे नुकसान एकच निघते. एकी तिथूनच सुरू होईल.