विषय बंद, मास्तर अतिरिक्त, संघटना कुठाय?

अकरावीचे प्रवेश सुरू झाले की गावाकडच्या कनिष्ठ महाविद्यालयांत एकच चर्चा असते, यंदा कला शाखेची तुकडी टिकते का? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नागपूर अशा मोजक्या शहरांपुरती होती. पोरांचा ओढा आधीच विज्ञानाकडे. ज्याची ऐपत आहे तो लातूर नाही तर पुणे गाठतो. मागं राहिलेल्या पोरांवर अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, भूगोल हे विषय कसेबसे तग धरून आहेत. तुकडी गेली की विषय जातो आणि विषय गेला की मास्तर ‘अतिरिक्त’ ठरतो.

हा शब्दच मोठा विचित्र. वीस वर्षं शिकवलेला माणूस एका कागदावर जास्तीचा ठरतो. हा कागद म्हणजे संचमान्यता. साधारणपणे ३० सप्टेंबरचा पट धरून ती होते. ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत बोगस पट उघडा पडला, तेव्हा मोजणी कडक व्हायलाच हवी होती, यात वाद नाही. पण ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोर किंवा आधार न जुळलेलं पोर पटातून गळतं, त्याचा फटका मास्तरला का? माध्यमिक शाळांपुरतं बोलायचं तर १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयावर शिक्षकांचा रोष आहे तो यातूनच. लहान पटाच्या शाळांतली पदं त्यानं धोक्यात आली.

अशा वेळी मास्तर संघटनेच्या दारात जातो. संघटनेनं पहिली गोष्ट त्याला सांगावी ती ही, की कामगार न्यायालयाचा रस्ता त्याच्यासाठी नाही. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८८ सालीच निकाल दिला की औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत शिक्षक ‘कामगार’ बसत नाही. महाराष्ट्रात खासगी शाळांतल्या शिक्षकाला आधार आहे तो १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली यांचा.

त्यातला नियम २६ प्रत्येक मास्तरनं पाठ करावा असा आहे. तुकड्या किंवा पट घटला म्हणून कायम शिक्षकाला कमी करता येतं, पण तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. शिक्षणाधिकाऱ्यांची, कनिष्ठ महाविद्यालय असेल तर शिक्षण उपसंचालकांची, आधी मंजुरी लागते. ज्येष्ठता ‘साधारणपणे’ पाळावी लागते. अतिरिक्त झालेल्याला दुसरीकडे सामावून घेण्याची तरतूदही त्यातच आहे. खरी लढाई त्या ‘साधारणपणे’ शब्दावर होते. संस्थाचालक विषयाचं कारण पुढं करतात आणि मर्जीतला मागं ठेवून नको असलेल्याला पुढं ढकलतात. काढून टाकल्यावर शाळा न्यायाधिकरणात अपील करायचं, तेही तीस दिवसांत. यादी, मंजुरी, नोटीस शोधताशोधता हे तीस दिवस कधी सरतात ते कळत नाही.

म्हणून संघटनेचं काम नोटीस आल्यावर सुरू होऊन उपयोग नाही. ज्येष्ठता यादी दरवर्षी शिक्षकांना दाखवली जाते का, त्यावर सह्या घेतल्या जातात का, हे बघणारं कुणी तालुक्याला हवं. संचमान्यतेचा तक्ता हाती आला की त्याच आठवड्यात हरकत गेली पाहिजे. अपिलाचा खर्च एकट्यावर पडू नये म्हणून वर्गणीतून निधी बाजूला ठेवला पाहिजे.

पण होतं काय? विधान परिषदेत शिक्षकांचे सात मतदारसंघ. निवडणूक आली की संघटनांच्या गाड्या गावोगाव फिरतात, एरवी पदाधिकारी फोनवर सापडला तर नशीब. दुसरं दुखणं त्याहून खोल आहे. अनुदानित मास्तरला समायोजनाची आशा तरी असते. विनाअनुदानित आणि तासिका तत्त्वावरच्या मास्तरला ती व्यवहारात नाहीच. त्याचा तास गेला की भाकरी गेली. हेच लोक संख्येनं वाढताहेत आणि संघटनेच्या बैठकीत तेच मागच्या बाकावर बसतात. त्यांना वाऱ्यावर सोडून कायम मास्तर फार दिवस तरेल असं दिसत नाही.

हा प्रश्न नुसता पगाराचाही नाही. समायोजन होऊन मास्तर चाळीस कोसांवर गेला तरी त्याची चूल पेटते. गावातला विषय मात्र कायमचा जातो. मग ज्या पोरीला एसटीनं तालुक्याला पाठवायला घरचे तयार नाहीत, तिनं अर्थशास्त्र कुठं शिकायचं? शेजारच्या दोन महाविद्यालयांनी मिळून एक विषयशिक्षक ठेवावा, दोन्हींकडचे तास जोडून कार्यभार धरावा, ही मागणी संघटनेनं लावून धरायला हरकत नाही. मास्तरची नोकरी आणि पोरांचा विषय या दोन्ही गोष्टी तिथं एकत्र येतात. मग गावही मास्तरच्या पाठीशी उभं राहील. आज ते उभं नाही, कारण त्याला ही भांडणं मास्तर लोकांची आपापसातली वाटतात.