डोमकळी

ज्या वाचकांचें शेत वऱ्हाडांत किंवा खानदेशांत आहे, त्यांस डोमकळी म्हणजे काय हें सांगावयास नको. इतरांसाठीं सांगतों: कपाशीचें फूल उमलूं पाहतें, पण पाकळ्या आंतून रेशमी धाग्यांनीं जखडलेल्या असल्यामुळें गुलाबकळीसारखें मिटून राहतें. लहानपणीं आम्ही अशीं फुलें कौतुकानें खुडून घरीं आणीत असूं. आंत बसलेली बोंडअळी किती घरांची वर्षाची मिळकत गिळते, हें पुढें कळलें.

हिचा पतंग राखट, बोटाच्या नखाएवढा आणि निशाचर. शास्त्रीय ग्रंथांत त्याची नोंद १८४३ सालीं सॉन्डर्स यांनीं केली, ती भडोचकडील कपाशीवरून. पुढें त्यानें समुद्र ओलांडले, परंतु पंखांच्या बळावर नव्हे. अळी दोन सरक्या एकमेकींस चिकटवून मधल्या पोकळींत निजते. अशा जोडसरकींतून ती १९११ सालीं मिसरांतून मेक्सिकोंत गेली आणि १९१७ सालीं टेक्सासांत आढळली. तिचें उच्चाटन झाल्याचें जाहीर करण्यास अमेरिकेस २०१८ साल उजाडावें लागलें.

उन्हाळा जोडसरकींत व वाळल्या बोंडांत झोपेंत काढावयाचा आणि मृगाचा पाऊस पडला कीं पतंग होऊन बाहेर यावयाचें, असा हिचा क्रम. त्या वेळीं कपाशीस पातीं आलेलीं नसतील, तर ही पिढी फुकट जाते. म्हणूनच मे महिन्यांतील आगाप लागवड वर्ज्य सांगतात. श्रावण-भाद्रपदांत डोमकळ्या दिसतात, सुमारें महिन्यास एक पिढी वाढते, आणि आश्विनानंतर तर बोंडाबोंडांत तीच. आंत शिरल्यावर छिद्र बुजतें. वरून बोंड हिरवेंगार, आंत कवडी. फवारणी तेथवर पोंचत नाहीं. २००२ सालीं बीटी बियाणें आलें तेव्हां सर्वांस वाटलें, सुटलों! पण अळी त्या विषास सरावली, आणि २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कित्येकांनीं उभ्या पिकांत नांगर घातला.

खरी मेख फरदडींत आहे. वेचण्या संपल्यावरहि विहिरीचें पाणी देऊन पीक राखलें, म्हणजे अळीस बारमाही अन्नछत्रच. गतवर्षीं आमच्या घरीं यावरून मोठा वाद झाला. काका म्हणत, आणखी दोन-चार क्विंटल निघेल, धाकट्याची फी त्यांत भागेल. चुलतबंधू म्हणत, पुढचें सगळें पीक घालवून फी भरावयाची काय? अखेर माघ लागण्यापूर्वीं काकांनीं पऱ्हाटी उपटविली, पण चार दिवस कोणाशीं धड बोलले नाहींत.

मृगानंतर शेतांत हेक्टरीं पांच कामगंध सापळे लावले. मादीच्या गंधास भुलून नर त्यांत पडतात. सलग तीन रात्रीं सापळ्यामागें आठ-आठ पतंग आले, कीं उपायाची वेळ झाली असें समजतात. पहिल्याच सकाळीं गोठ्याजवळच्या सापळ्यांत अकरा निघाले.

"शेजाऱ्यांची फरदड, दुसरें काय!" काका म्हणाले. काकूंनीं कांहीं न बोलतां गोठ्यामागें बंबासाठीं रचून ठेविलेल्या पऱ्हाटीच्या ढिगाकडे बोट दाखविलें.