बंद लॅपटॉप आणि मालकीचा प्रश्न

तिरोडा तालुक्यात ३३०० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले. त्याच तालुक्यात, नागझिऱ्याच्या वेशीवर, चोरखमारा आहे. तेथील एखाद्या विद्यार्थिनीचा लॅपटॉप एके सकाळी सुरू होईनासा झाला, तर पैसे मोजून घेतलेल्या त्या यंत्रावर तिची मालकी कितपत उरते?

दिवा लागतो, पंख्याची घरघर ऐकू येते, पडदा मात्र काळाच. यावरचे पहिले उपचार साधे आहेत. चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास तीही काढावी आणि सुरू करण्याची कळ अर्धा मिनिट दाबून धरावी. साठलेली वीज निघून जाते. तेवढ्याने न भागल्यास मेमरीची पट्टी खाचेतून काढून, तिची टोके हलकेच पुसून पुन्हा घट्ट बसवावी. बाहेरचा पडदा जोडून त्यावर चित्र उमटले, तर बिघाड बहुधा लॅपटॉपच्या पडद्यात वा त्याच्या तारेत आहे. सायकल वा पंप दुरुस्त करणाऱ्या हातांना यात अगम्य असे काही नाही.

परंतु अनेक उत्पादकांनी मेमरी मुख्य पट्टीवर डाग देऊन कायमची जोडून टाकली आहे. तिने यंत्र सडपातळ होते, हे मान्य. मात्र मेमरी बिघडली की संपूर्ण मुख्य पट्टी बदलण्याचा भुर्दंड ग्राहकावर आणि सुट्या भागांची मक्तेदारी उत्पादकाकडे, ही वाटणी कोणत्या शास्त्राने ठरविली?

कुलपाची गोष्ट याहून गंभीर. विंडोजचे बिटलॉकर चोरापासून माहितीचे रक्षण करते, यात शंका नाही. पण मुख्य पट्टी बदलली की ते प्रत्यक्ष मालकाकडेच ४८ आकडी किल्ली मागते. ती बहुधा कंपनीकडील खात्यात असते. आणि ते खाते दुकानदाराने घाईत उघडून दिलेले असले, तर बिचारा मालक स्वतःच्याच दारात परका! १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे अडली. भारतातील विमानतळांवर हस्तलिखित बोर्डिंग पास देण्याची पाळी आली. उपाय होता एक फाइल काढून टाकण्याचा. तरी कुलूपबंद यंत्रांपाशी तंत्रज्ञांना आधी तीच किल्ली शोधावी लागली. विमान कंपन्यांच्या दिमतीला तंत्रज्ञांचे ताफे होते. खेड्यातील विद्यार्थिनीच्या दिमतीला कोण आहे?

केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. मे २०२५ मध्ये दुरुस्तीसुलभतेच्या निर्देशांकाचा अहवाल आला. गुण मात्र उत्पादकानेच जाहीर करावयाचे. फ्रान्समध्येही गुण उत्पादकच काढतो, परंतु २०२१ पासून लॅपटॉपवर तो दर्शविणे कायद्याने बंधनकारक आहे आणि सुट्या भागांची किंमतही त्यात मोजली जाते. शिफारस आणि सक्ती यांतील हे अंतर दिल्लीला कळत नाही असे नव्हे.

विक्रीच्या पावतीबरोबरच ती ४८ आकडी किल्ली कागदावर छापून ग्राहकाच्या हाती द्यावी; दुरुस्तीची पुस्तिका मराठीत आणि सुटे भाग जाहीर किमतीस तालुक्याच्या बाजारात मिळावेत. यासाठी नवे संशोधन लागत नाही, कायद्याचे एक कलम लागते.